‘ई’ म्हणा

परवा व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. चार घड्या पडलेली, कडा झिजलेली जुनी चिठ्ठी. वर माझ्या दवाखान्याचा शिक्का, खाली माझी सही आणि मधे माझ्याच अक्षरात एक शब्द : बालदमा. तारीख 1994 ची. फोटोखाली लिहिलं होतं, ‘‘काका, आईच्या पेटीत सापडली. अक्षर तुमचंच ना?’’

‘‘हो, माझंच,’’ एवढं उत्तर मी पाठवलं. बाकीचं उत्तर मोबाईलवर लिहिण्यासारखं नव्हतं.

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर. गाव रिठद, तालुका रिसोड. नागपूरला मेडिकलला शिकलो आणि 1991 मध्ये वाशीमला दवाखाना टाकला. तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं, जिल्हा झाला तो 1 जुलै 1998 ला. दर रविवारी मी रिठदला घरच्या ओसरीत बसायचो. वडिलांची तशी इच्छा होती हे खरं, पण गावात मान मिळायचा हेही तितकंच खरं. ओसरीचं तोंड पूर्वेला. सकाळी लाईट नसली, आणि ती बहुतेक नसायचीच, तरी अडत नसे. कपाळावरचा आरसा उन्हात वापरता येत नाही. तो अंतर्गोल असतो, पेशंटच्या टाळूला चटका बसेल. म्हणून मी एक साधा सपाट हातआरसा ठेवला होता. त्यानं ऊन पकडायचं आणि घशात सोडायचं. दुसरा आरसा रुपयाएवढा, लांब दांडीचा. तो स्पिरिटच्या दिव्यावर किंचित तापवायचा, म्हणजे श्वासाची वाफ त्यावर धरत नाही. आधी स्वतःच्या हाताला लावून पाहायचा, मग पेशंटची जीभ गॉजमध्ये धरून बाहेर ओढायची, आरसा पडजिभेला टेकवायचा आणि म्हणायचं, ‘‘ई म्हणा.’’ ई म्हटलं की स्वरयंत्र वर येतं, दोन्ही स्वरतंतू मोत्यासारखे पांढरे, एकमेकांजवळ सरकताना दिसतात.

ही युक्ती कुणा डॉक्टरची नाही. मान्युएल गार्सिया नावाच्या एका गायनशिक्षकाची आहे. 1854 मध्ये त्यानं दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा स्वतःच्या घशात धरला, दुसऱ्या आरशानं त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचाच गाता गळा आतून पाहिला. एकशे एक वर्षं जगला. शिकत असताना मला ही गोष्ट फार आवडायची, आणि पुढे रिठदच्या ओसरीत ऊन पकडताना मी मनातल्या मनात स्वतःला गार्सियाच्या पंगतीला बसवत असे. पण गार्सियानं पाहिलं होतं. माझ्या पहिल्या मोठ्या चुकीत मी पाहिलंच नव्हतं.

ती माझ्या चुलत काकांची नात. अडीच वर्षांची होती तेव्हा काकी तिला कडेवर घेऊन ओसरीत आल्या. वर्षभरापासून आवाज घोगरा. रडताना तोंड एवढं मोठं उघडायचं, पण आवाज फुटायचा नाही. श्वास घेताना घरघर. घरी बिब्बा घालून झाला होता. मी छातीला नळी लावली, घरघर ऐकली आणि चिठ्ठीवर तो शब्द लिहिला.

दम्याची शिट्टी श्वास सोडताना येते. या पोरीची घरघर श्वास घेताना येत होती. म्हणजे अडथळा छातीत नव्हता, वर होता, गळ्यात होता. हा फरक पहिल्या वर्षाच्या हाउसमनलाही ठाऊक असतो आणि मला तर तो परीक्षेत विचारला होता. तरी मी चुकलो, त्याला कारण आहे. अडीच वर्षांच्या मुलीच्या घशात आरसा जात नाही. ती जीभ धरू देत नाही, ई म्हणत नाही. तिला पाहायचं तर भूल देऊन, दुर्बीण घालून पाहायला हवं, आणि त्यासाठी नागपूर. वाशीमहून अडीचशे किलोमीटरच्या वर. सोयाबीन काढणीच्या दिवसांत त्या घराला नागपूर सांगायचं माझ्या जिवावर आलं. मग जे मला दिसू शकत नव्हतं, ते तिथं नाहीच असं मी ठरवून टाकलं. ठरवलं म्हणण्याइतकंही जाणतेपणी नाही. दम्याच्या औषधाकडे हात आपोआप गेला.

त्यात औषधानं मला साथ दिली. प्रेडनिसोलोन दिलं की चार दिवस पोरगी बरी असायची. स्टेरॉइडनं कुठलीही सूज थोडी ओसरते, दम्याची असो की आणखी कशाची. मी मात्र त्यात माझ्या निदानाचा पुरावा पाहिला. घोगऱ्या आवाजाचं काय, असं तिच्या आईनं एकदा विचारलं होतं. मी म्हणालो, ‘‘मोठी झाली की सुटेल आवाज.’’ असं दोन वर्षं चाललं.

1996 च्या पोळ्याच्या रात्री जीपमधून तिला वाशीमला आणलं. गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती, ओठ निळे, नजर छताला. भूल द्यायला वेळ नव्हता आणि माणूसही नव्हता. जागा बधिर केली, काकांनी डोकं धरलं, मी गळ्याला छेद देऊन श्वासनळीत नळी बसवली. हवा आत गेल्याचा आवाज आला आणि पोरगी गुलाबी झाली.

पुढचं सांगायला मला सगळ्यात जड जातं. त्या रात्रीनंतर रिठदमध्ये माझं नाव झालं. डॉक्टरनं पोळ्याच्या रात्री मेलेली पोरगी जिती केली, असं लोक सांगायचे. पारावर, लग्नात, एसटीत. मी ते वर्षानुवर्षं ऐकून घेतलं. त्या रात्रीची वेळ ज्याच्यामुळं आली तो मीच, हे एकदाही कुणाला सांगितलं नाही.

नागपूरला माझ्या शिक्षकांनी भूल देऊन तिचं स्वरयंत्र पाहिलं. दोन्ही स्वरतंतूंवर फुलकोबीच्या बारीक तुऱ्यांसारखे गुलाबी पुंजके, मधे सुईच्या जाडीची फट. पॅपिलोमा. स्वरयंत्राच्या सौम्य गाठींमध्ये हाच प्रकार सगळ्यात जास्त भेटतो, पण मुळात सौम्य गाठीच इतक्या कमी की लहान गावातल्या डॉक्टराला आयुष्यात एखाद-दुसरा दिसावा. हातावर चामखीळ येते तिच्याच विषाणूच्या गोतावळ्यातले दोन प्रकार, क्रमांक 6 आणि 11, हा उद्योग करतात. गाठ साधी असते. कापली की संपते असं मात्र नाही. काढली की पुन्हा उगवते, कारण विषाणू शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या त्वचेतही दडलेला असतो. मुळापासून खरवडायला जावं तर स्वरतंतू जखमी होतात आणि एकमेकांना चिकटतात. म्हणून दर वेळी थोडं, श्वास मोकळा होईल इतकंच काढायचं आणि वाट पाहायची.

तिच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. गळ्याला नळी बसवलेल्या मुलांमध्ये हे पुंजके स्वरयंत्राच्या खाली, श्वासनळीत उतरण्याचा धोका वाढतो. माझ्या पराक्रमाची नळी ती हीच. त्या रात्री नळीवाचून गत्यंतर नव्हतं हे खरं, पण ती रात्र टाळता आली असती. पुंजके खाली उतरलेच. नळी दोन वर्षांनी निघाली. तेरा वर्षांची होईपर्यंत तिची सतरा ऑपरेशनं झाली, त्यानंतर आजार हळूहळू आपणहून थंडावला. आवाज खरखरीत राहिला तो राहिलाच.

आणि याच प्रकरणात मी एक चूक अशी केली की जी पुस्तकात कुठल्याच मथळ्याखाली सापडणार नाही. नागपूरहून परत आल्यावर काकींनी विचारलं, ‘‘बाबू, हे कायनं झालं लेकराले?’’ ओसरीत दहा माणसं बसलेली. मी नुकताच वाचून आलो होतो, ज्ञान ताजं होतं. म्हणालो, ‘‘विषाणू आहे, काकी. बाळंतपणाच्या वेळी आईकडून बाळाला येतो. पहिलं बाळंतपण, कमी वयाची आई, असंच बहुतेक असतं.’’

काकींनी सुनेकडं पाहिलं. सून ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती. तेव्हा ती बावीस-तेवीसची असेल.

वाक्यात एक शब्द खोटा नव्हता. पण त्या वाक्याचा त्या घरात काय अर्थ झाला हे मला फार उशिरा कळलं. तिच्या हातचं पाणी वर्षभर सासूनं घेतलं नाही. दुसऱ्या खेपेला दिवस गेले तेव्हा तिला माहेरी धाडलं, ‘इथं नको’ म्हणून. मी सांगायला हवं होतं ते पुढचं होतं. हा विषाणू इतका सर्वसाधारण आहे की संसार करणाऱ्या बहुतेक माणसांना तो कधी ना कधी शिवून जातो. बाईला तो नवऱ्याकडूनही येतो. बहुतेकांचं शरीर त्याला आपणच घालवतं. आणि विषाणू असलेल्या आयांच्या मुलांपैकी अगदी थोड्यांना हा आजार होतो, त्यांनाच का होतो ते सांगता येत नाही. हे सगळं त्या सुनेला आणि तिच्या नवऱ्याला दार लावून सांगायचं होतं. मी ओसरीत व्याख्यान दिलं.

चिठ्ठीचा फोटो पाठवणारी हीच मुलगी. आता पुण्यात असते, तिलाही मुलगी आहे. मागे तिनं मुलीसाठी या विषाणूवरच्या लसीचं विचारलं होतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी म्हणून पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक 2023 च्या जानेवारीत आली. तिच्यात 16 आणि 18 बरोबर 6 आणि 11 हे क्रमांकही आहेत, ही गोष्ट जाहिरातीत कुणी मोठ्यानं सांगत नाही. ऑस्ट्रेलियानं 2007 पासून शाळेतल्या मुलींना अशीच चार क्रमांकांची लस द्यायला सुरुवात केली आणि दहा वर्षांत तिथं लहान मुलांमधला हा पॅपिलोमा नव्यानं दिसणं जवळजवळ थांबलं. मी तिला म्हणालो, नक्की दे. त्या वेळी फोनवर तिचा तो खरखरीत आवाज ऐकताना मला ओसरीचा खांब आठवत होता.

1996 नंतर मी बदललो. इतका बदललो की दुसऱ्या बाजूच्या खड्ड्यात पडलो.

आता मला सगळं पाहायचं होतं आणि जे दिसेल त्याचा तुकडा काढायचा होता. 2001 मध्ये बाजारात बांगड्या भरणारी एक कासारीण आली, घास गिळताना अडकल्यासारखं वाटतं म्हणून. आरशात स्वरयंत्राच्या काठाला जांभळट लाल, गुळगुळीत फुगवटा दिसला. वरची त्वचा अखंड. मी वाकडा चिमटा घातला आणि तुकडा ओढला. रक्ताची चिळकांडी माझ्या चष्म्यापर्यंत आली. तिला पुढं वाकवून बसवलं, ॲड्रेनलिनमध्ये भिजवलेला बोळा दाबून धरला, आणि अर्ध्या तासानं रक्त थांबलं तेव्हा आम्हा दोघांत जास्त कोण थरथरत होतं ते सांगता येणार नाही. ती रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ होती, पॅराग्यांग्लिओमा. माझ्यासारख्याच्या आयुष्यात एकदाच दिसावी अशी. अखंड त्वचेखालच्या लालसर फुगवट्याला आधी रंग टाकून सीटीस्कॅन करायचा, मग हात लावायचा की नाही ते ठरवायचं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माझ्या मनात पोळ्याची रात्र होती. तिचं पुढं मोठ्या शहरात ऑपरेशन झालं, बरी झाली. पण त्या दिवसानंतर माझ्याकडे काही आली नाही. बांगड्याही तिच्याकडून भरायला आमच्या घरच्यांना लाज वाटायची.

यावरून मी शहाणा व्हायला हवं होतं. झालो असं वाटलंही होतं.

बुवा माझ्याच वर्गातले. शेती साडेपाच एकर, पण गावात ओळख गळ्याची. काकड्याला त्यांनी अभंग धरला की झोपलेली माणसं उठून बसायची. सप्त्यात कीर्तनकार कुठलाही असो, मागं चाल म्हणायला बुवा हवेच. काळी चारमध्ये सहज गायचे. 2009 साली, सप्ता आठ दिवसांवर असताना रविवारी ओसरीत आले.

‘‘डाक्टरा, गया दुखत नाही, पन वरचा सा लागून नाही राह्यला.’’

‘‘किती दिवस झाले?’’

‘‘चार महिने झाले असतीन.’’

‘‘चार महिने! अन् आता सांगून राह्यला? तंबाखू सोड म्हनून किती वर्सं झाले मी तुले म्हनतो.’’

म्हणजे तपासायच्या आधीच मी त्यांना झापलं होतं, आणि त्याच झापण्यात निदान होऊन गेलं होतं. पन्नाशी उलटलेली, तंबाखू, चार महिने बसलेला आवाज. आरसा घातला. ‘‘ई म्हण.’’ डाव्या स्वरतंतूवर तुरीच्या दाण्याएवढी गाठ.

आज मी डोळे मिटून ती गाठ पाहू शकतो, आणि त्या दिवशी उघड्या डोळ्यांनी जे पाहिलं नाही तेही पाहू शकतो. ती तंतूच्या मागच्या टोकाला होती. स्वरतंतूचा कॅन्सर बहुतेक पुढच्या भागात सुरू होतो. मागच्या टोकाला काही दिसलं तर आपल्याकडे आधी टीबीचा विचार करतात. तो मी केला, छातीचा फोटो काढला, तो स्वच्छ होता. गाठ गुळगुळीत होती, फिकट पिवळसर. तिच्यावर व्रण नव्हता, खरखर नव्हती. आणि दोन्ही तंतू व्यवस्थित हलत होते. या सगळ्या गोष्टी मी पाहिल्या होत्या, कारण आज त्या मला आठवतात. मोजल्या मात्र नाहीत.

बुवांनी विचारलं, ‘‘काय हाये?’’

‘‘गाठ आहे. लक्षण चांगलं नाही. उद्या वाशीमला ये, तुकडा घ्या लागते.’’

ओसरीत चार माणसं होती. आमच्या भागात गाठ या शब्दाला एकच अर्थ आहे, पुढचं वाक्य कुणी ऐकत नाही. दुपारी चारपर्यंत गावाला कळलं होतं की बुवाला कॅन्सर झाला. तुकडा अजून बुवांच्या गळ्यातच होता.

आता मी या मधल्या रात्रीबद्दल थोडं सांगतो, कारण त्या रात्री मला एक गोष्ट आठवत होती, आणि ती मी अर्धीच शिकलो होतो. जर्मनीचा युवराज फ्रीडरिख, इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचा जावई. 1887 च्या सुरुवातीला त्याचा आवाज बसला. बर्लिनच्या डॉक्टरांना स्वरतंतूवर वाढ दिसली, कॅन्सरचा संशय आला, मोठ्या ऑपरेशनची तयारी झाली. तेवढ्यात लंडनहून मॉरेल मॅकेन्झी हा त्या काळचा घशाचा सर्वांत नामांकित डॉक्टर आला. त्यानं तुकडा काढला आणि तो पाहिला साक्षात रुडॉल्फ फिरशो यानं, ज्याच्यापासून आमचं पेशींचं सगळं शास्त्र सुरू होतं. फिरशो म्हणाला, यात कॅन्सर नाही. ऑपरेशन थांबलं. नोव्हेंबरमध्ये कॅन्सर उघड झाला, फेब्रुवारीत गळ्याला भोक पाडावं लागलं, मार्च 1888 मध्ये तो सम्राट झाला आणि 15 जूनला वारला. नव्व्याण्णव दिवसांचं राज्य, तेही मुक्यानं, कागदावर लिहून.

नागपूरला आमचे सर ही गोष्ट दर वर्षी सांगायचे. मी त्यातून घेतलं ते एवढंच : तुकडा साधा आला तरी कॅन्सरचा संशय सोडू नका. सर सांगत होते ते वेगळं होतं. तुकडा फक्त त्या तुकड्याबद्दल सांगतो. फिरशो त्याच्या हातात आलेल्या तुकड्याबद्दल चुकला नसेलही. हेच वाक्य उलट्या बाजूनंही तितकंच खरं आहे, हे मला कळायला बुवांचा गळा लागला.

सोमवारी लिग्नोकेनचा फवारा मारून, लवचीक दुर्बिणीतून, तांदळाच्या कणीएवढा तुकडा घेतला. वरचा वर. खोल जावं तर बुवा ठसकत होते आणि मला कासारीण आठवत होती. तपासणीच्या फॉर्मवर लिहिलं : पुरुष, 52, तंबाखू, आवाज चार महिने बसलेला, कॅन्सर? गाठ तंतूच्या कुठल्या टोकाला, ती गुळगुळीत आहे, तंतू हलतात, तुकडा वरवरचा आहे, यातलं काही लिहिलं नाही. फॉर्मवर जागा होती. आठ दिवसांनी उत्तर आलं : कॅन्सर. मी प्रश्न विचारला होता आणि माझाच प्रश्न प्रश्नचिन्ह पुसून मला परत मिळाला होता.

तोवर बुवांनी रस्त्याकडच्या दोन एकरांचा इसार घेतला होता. पंचवीस हजार.

एका मोठ्या शहरात दाखवलं. सहा-सात आठवडे किरणांचा शेक द्यावा लागेल असं ठरलं, त्यानं नाहीच भागलं तर स्वरयंत्र काढायचं. बुवांनी मला एकच विचारलं, ‘‘आवाज राहीन का?’’ मी म्हणालो, जीव राहिला तर पुरे नाही का. हे वाक्य मी त्यांना सांगितलं, ज्यांनी माझ्या वडिलांच्या अंत्ययात्रेत नदीपर्यंत अभंग म्हटले होते.

इथं बुवांचा भाचा आला. बी.फार्म. झालेला, रिसोडला औषधाच्या दुकानात बसायचा. मला म्हणाला, ‘‘डॉक्टरसाहेब, स्लाईड दुसरीकडं दाखवली तर चालन का?’’ मला राग आला. चेहऱ्यावर आला असेलच. ‘‘दाखवा ना. पण वेळ घालवता तुम्ही, एवढं सांगून ठेवतो.’’ त्यानं मान हलवली आणि माझ्या मागं, मला न सांगता, मामाला घेऊन नागपूर गाठलं. गेला ते माझ्याच सरांकडं.

दहा दिवसांनी सरांचा फोन. तोवर त्यांचं वय पंचाहत्तरीला आलेलं होतं, पण आवाज वॉर्डात राउंड घेतानाचाच.

‘‘तुकडा कुठून घेतला होतास?’’

‘‘गाठीवरून, सर.’’

‘‘वरून की आतून?’’

‘‘वरून.’’

‘‘मग वरचंच कळलं.’’

बुवांना भूल देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली ती गाठ मुळासकट काढली होती. ती निघाली ग्रॅन्युलर सेल ट्यूमर. मज्जातंतूंभोवती जे आवरण असतं त्याच्या पेशींतून उगवणारी साधी गाठ. मॉस्कोच्या अब्रिकोसॉव्हनं 1926 मध्ये तिचं पहिल्यांदा नीट वर्णन केलं, तो तिला स्नायूची गाठ समजला होता. म्हणजे ओळखण्याच्या बाबतीत ती सुरुवातीपासूनच फसवी. शरीरात ती सगळ्यात जास्त जिभेवर येते, स्वरयंत्रात क्वचित, आणि स्वरयंत्रात आली तर बहुतेक मागच्या टोकाला. तिची मोठी खोड अशी की ती स्वतः त्वचेखाली गुपचूप बसते, पण तिच्या वरची त्वचा बिथरते. त्वचेच्या पेशी वाढून खाली बोटं घालू लागतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब पसरणाऱ्या कॅन्सरसारख्या दिसतात. वरवरचा तुकडा घेतला तर त्यात फक्त ही बिथरलेली त्वचा येते, खरी गाठ येतच नाही. आतला तुकडा मिळाला की दाणेदार पेशी दिसतात, एस-100 या प्रथिनासाठीचा रंग त्यांच्यावर चढतो आणि वाद मिटतो. क्वचित ती घातकही असते, पण फार क्वचित. पूर्ण काढली की बहुतेक परत येत नाही.

शेक दिला असता तर गाठ गेली नसती. मग ‘शेकानं भागलं नाही’ असं म्हणून कुणीतरी एका साध्या गाठीसाठी बुवांचं स्वरयंत्र काढलं असतं, आणि कागदपत्रांत सगळं बरोबर दिसलं असतं. गावात मी म्हणालो असतो, जीव तरी वाचला. लोकांनी मानही डोलावली असती.

आता मी जिथं बसतो तिथं काय करतो ते थोडक्यात सांगतो. फॉर्म पूर्ण भरतो, गाठीचं चित्र काढून देतो, पॅथॉलॉजिस्टला फोन करतो, आणि तुकड्याचं उत्तर माझ्या डोळ्यांनी पाहिलेल्याशी जुळलं नाही तर दोहोंपैकी कुणावरच विश्वास ठेवत नाही. ओसरीत गाठ हा शब्द उच्चारत नाही. लहान मुलाला आवाजाचा त्रास असेल आणि श्वास घेताना घरघर असेल तर भूल देऊन पाहिल्याशिवाय त्याला नाव देत नाही, मग काढणी चालू असो की पेरणी. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं म्हणणाऱ्या नातेवाइकाला स्लाईड आणि तुकड्याचा मेणातला ठोकळा दोन्ही स्वतः बांधून देतो.

वाचणाऱ्याला एवढंच सांगणं आहे. सर्दी-खोकल्यानं बसलेला आवाज दोन आठवड्यांत सुटतो. तीन आठवड्यांनंतरही बसलेलाच असेल तर तुमचा डॉक्टर काहीही म्हणो, कुणाला तरी आत पाहायला लावा. बहुतेकांच्या घशात काहीच निघणार नाही. आणि काही निघालं तर पहिल्या दिवशी त्याला दिलेलं नाव पक्कं समजू नका, ते नाव माझ्यासारख्यानं दिलेलं असू शकतं.

बुवांनी तंबाखू सोडली नाही, अर्धी केली. दीड वर्ष मी त्यांना गाऊ दिलं नाही, हेही बहुधा गरजेपेक्षा जास्त होतं. त्या बाबतीत मी अजूनही भीतीपोटीच औषध लिहितो. आता गातात. काळी चार गेली, काळी दोनमध्ये गातात, आणि वरच्या ‘सा’च्या आधी किंचित थांबतात.

जमिनीचा व्यवहार मोडला तेव्हा इसारपावतीतल्या अटीप्रमाणे त्यांना दुप्पट पैसे परत द्यावे लागले. म्हणजे पदरचे पंचवीस हजार गेले. ते मी देणं लागतो असं मी त्यांना 2010 मध्ये सांगितलं, नंतरही दोनदा सांगितलं, एकदा पाकीट घेऊन घरी गेलो. ते घेत नाहीत.